गांजाचा कायदा आणि राहून गेलेली चौकशी

भांग, गांजा आणि चरस हे तीन पदार्थ एकाच झाडाचे आहेत. पानांपासून भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हणतात आणि त्या फुलोऱ्यावर सुटणारी चिकट राळ म्हणजे चरस. अथर्ववेदात 'भंगा' या वनस्पतीचा उल्लेख आहे, इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने तापलेल्या दगडांवर हे बी टाकून त्याची वाफ घेणाऱ्या शकांचे वर्णन केले, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भांगेची माहिती दिली. परळी वैजनाथचे ज्योतिर्लिंग ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथे भांगेचे शिवाशी असलेले नाते कोणालाही सांगावे लागत नाही. गांजा तळहातावर चोळून, खडा घातलेल्या चिलमीत भरून आणि तोंडाशी ओली छापी, म्हणजे कापडाची पट्टी, गुंडाळून ओढण्याची बैराग्यांची रीतही ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाची आहे.

या वापराची सर्वांत मोठी सरकारी चौकशी १८९३-९४ मध्ये झाली. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात, गांजाची शेती होत असे. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने अधिकारी, डॉक्टर, शेतकरी, व्यापारी अशा ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासताना वेडाचे कारण म्हणून 'गांजा' हा शब्द अनेकदा पुराव्याशिवाय लिहिला गेल्याचे आयोगाला आढळले. अतिसेवन घातक असले तरी माफक सेवनाचे सहसा दुष्परिणाम होत नाहीत, म्हणून संपूर्ण बंदीऐवजी कर आणि परवाने यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष त्याने काढला.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी झाला आणि ऑगस्ट १९८५ मध्ये मांडलेले अमली पदार्थविरोधी विधेयक सप्टेंबरमध्येच कायदा झाले. त्यात गांजा व चरस निषिद्ध ठरले, तर फुलोऱ्याविना असलेली पाने व्याख्येबाहेर राहिली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. बाळगलेल्या गांजाच्या वजनानुसार शिक्षा वाढते, पण लागवडीच्या कलमात रोपांच्या संख्येनुसार अशा पायऱ्या नाहीत. कपाशीत किंवा तुरीत आडोशाने गांजा लावणाऱ्या शेतकऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

कोवळ्या वयातील नियमित सेवनाने गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे आता वैद्यकाने दाखवून दिले आहे, त्यामुळे नियंत्रणाची गरज निर्विवाद आहे. तथापि परकीय सत्तेने कायद्याआधी जितक्या लोकांचे ऐकून घेतले, तितके स्वतंत्र भारताच्या संसदेने घेतले नाही. १८९३ च्या तोडीची चौकशी शासनाने पुन्हा करावी, तीत मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचीही साक्ष नोंदवावी आणि शिक्षेची मोजमापे त्यानंतरच ठरवावीत.