दुसरी वाट उघडी आहे का?

रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली की सरकारी रुग्णालयात काय होते, हे तिथे रांगेत उभे राहिलेल्यांना सांगायला नको. केसपेपरच्या खिडकीतून ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच उत्तर मिळते. अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो. बंद पडलेली असते ती तिथपर्यंत जाणारी वाट. पर्यायी जोडणीचा डोंगल खणात असतो, तो लावलाही जातो, तरी पडदा हलत नाही.

हे दुखणे मी डायल-अपच्या काळापासून पाहतो आहे. २००० साली मी ज्या रुग्णालयात होतो तिथे तीन संगणक आणि एकच मोडेम होता. तोही पहिल्या मजल्यावर, अधीक्षकांच्या कार्यालयात. एका रात्री विषबाधेचा रुग्ण आला. नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीवरचे रसायन माझ्या परिचयाचे नव्हते. पबमेड १९९७ पासून सर्वांना मोफत खुले होते. शिपायाने वर जाऊन फोन जोडला, ‘लागला साहेब’ म्हणून ओरडून सांगितले, पण खाली अपघात विभागातल्या माझ्या संगणकावर काही उघडेना. शेवटी मीच जिना चढून गेलो. रुग्ण वाचला, त्यात आमच्या नेटवर्कचा वाटा शून्य.

चूक दुसऱ्या दिवशी सापडली. आयपी पत्ता म्हणजे काय, हे वॉर्डातल्या कॉट नंबरवरून समजते. बारा नंबरची कॉट प्रत्येक रुग्णालयात असते. बाहेरून पत्र यायचे तर रुग्णालयाचा टपालाचा पत्ता हवा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असेच आतले. बाहेरचा पत्ता डायल-अपवर सेवा देणारी कंपनी फोन जोडल्यावर देई आणि तो बहुधा दर वेळी बदले. आतल्या कोणाचे पत्र कुठे गेले याची नोंद मोडेमच्या संगणकाने ठेवायची. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटून घेण्याची ही सोय होती. ती सुरू करताच तो संगणक स्वतःला १९२.१६८.०.१ हा पत्ता देई. आमचे बाकीचे पत्ते मात्र कोणीतरी हाताने १९२.१६८.१ च्या मालिकेत भरलेले. म्हणजे दोघे वेगवेगळ्या वॉर्डांत! शिवाय गेटवेच्या, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या, रकान्यात अस्तित्वातच नसलेल्या यंत्राचा पत्ता. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली.

मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे विलिसचे वर्तुळ असते. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त पोचावे, अशी ती रचना. पण अनेकांत ते अपुरे असते आणि मुख्य वाहिनी तुंबेपर्यंत कळत नाही. खणातल्या डोंगलचे तेच आहे. संगणक जुन्याच दाराकडे पत्रे पाठवत राहतो. काही सर्व्हर तर रुग्णालयाच्या ठरलेल्या पत्त्यावरून आलेलीच मागणी स्वीकारतात; डोंगलचा पत्ता त्यांना परका वाटतो.

संगणक खरेदीच्या निविदेत ‘पर्यायी जोडणी’ हे दोन शब्द लिहून हे काम होत नाही. वाट आपोआप बदलेल असा राउटर आणि सर्व्हरकडे दोन्ही पत्त्यांची नोंद, हे निविदेत स्पष्ट हवे. प्रत्येक पाळीत ती वाट हाताने बदलता येणारा एक माणूस हवा. कंत्राटी तंत्रज्ञ रात्री फोन उचलेलच असे नाही. आणि आधी काय जाणार, हेही ठरवावे, कारण दुसरी वाट अरुंद असते. डायल-अपचा चांगला मोडेमसुद्धा बहुधा सेकंदाला फार तर ३३.६ किलोबिट बाहेर पाठवी. एक मेगाबाइटच्या एक्स-रेला चार मिनिटे. आजचा डोंगल पुष्कळ वेगवान आहे, पण साऱ्या रुग्णालयाचे सीटी स्कॅन त्यावर लादले तर केसपेपर अडकणारच.

जनरेटर आपण अधूनमधून चालवून पाहतो. तशीच एखाद्या निवांत दुपारी मुख्य केबल मुद्दाम काढून पाहावी. आमच्याकडे गेल्या महिन्यात हे केले. केसपेपरची खिडकी सुरू राहिली, प्रयोगशाळा बंद पडली. तिथल्या एका संगणकात गेटवेचा जुना पत्ता हाताने भरलेला होता.