कंपनी नको, गट बदला

पावसाळा उतरणीला लागला की रावेर, यावल, चोपडा आणि इकडे शिरपूरच्या केळीपट्ट्यात एकच तक्रार ऐकू येते: ‘औषध मारलं, पण करपा थांबत नाही.’ मग दुकानातून दुसऱ्या कंपनीची बाटली येते, पंपातले प्रमाण वाढते आणि काही दिवसांत पुन्हा तीच तक्रार. फवारणीला झालेला उशीर किंवा पानाच्या खालच्या बाजूला न पोहोचलेले द्रावण ही कारणे असतातच. पण बाटली बदलूनही आतल्या औषधाचा गट तोच राहतो, हे कारण आपण फार कमी वेळा तपासतो.

कार्बेन्डाझिम सोडून थायोफिनेट मिथाइल घेतले, तर ते झाडात जाऊन कार्बेन्डाझिमच बनते. ट्रायझोल गटातल्या प्रोपिकोनॅझोलऐवजी त्याच गटातले टेब्युकोनॅझोल किंवा डायफेनोकोनॅझोल घेतले, तरी बुरशीच्या दृष्टीने घाव एकाच जागी बसतो. सिगाटोका करप्याने हा धडा जगाला आधीच दिला आहे. मध्य अमेरिकेत 1970च्या दशकात कार्बेन्डाझिमच्याच गटातले बेनोमिल काही वर्षांतच निकामी झाले. पुढे स्ट्रोबिल्युरीन गटातल्या औषधांचेही तेच झाले. स्ट्रोबिल्युरीनच्या बाबतीत बुरशीच्या एका प्रथिनातला 143व्या जागचा एक घटक बदलला, की दुप्पट मात्राही उपयोगी पडत नाही. हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत डाऊनी रोगाच्या बुरशीने स्ट्रोबिल्युरीनला दाद न दिल्याची शास्त्रीय नोंद 2016मध्येच झाली आहे.

ट्रायझोल गटाचे मात्र वेगळे आहे, आणि खानदेशाला धोका तिथेच जास्त आहे. इथे प्रतिकार एका रात्रीत येत नाही. बुरशीची संवेदनशीलता थोडीथोडी घसरते. फवारण्यांमधले अंतर आधी काही दिवसांनी, मग आठवड्याने कमी करावे लागते. शेतकऱ्याला वाटते, यंदा हवामानच वाईट. निसवणीला पाने कमी राहिली की घड भरत नाही आणि झाडावरच पिकू लागतो. 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आणि 2021मध्ये तांदलवाडीहून दुबईला गेलेली जळगावची केळी असा माल देऊन बाजारात टिकणार नाही.

म्हणून ट्रायझोलच्या फवारण्या सलग नकोत. मध्ये मॅन्कोझेबसारखे अनेक ठिकाणी घाव घालणारे स्पर्शजन्य औषध हवे. स्ट्रोबिल्युरीन एकटे कधीच नको. सोबत मिनरल ऑइल घ्यावे, कारण ते स्वतःही पानातल्या बुरशीची वाढ मंदावते. अर्थात, लेबलवर केळीसाठी मंजुरी असेल तेच वापरावे. आणि फवारणीआधी विळा हातात घ्या. लोंबकळणाऱ्या करपलेल्या पानांतूनच वाऱ्यावर जाणारे बीजाणू सुटतात. प्रतिकारक्षम बुरशीही त्याच वाऱ्याने बांध ओलांडते. एकट्याच्या बागेत शिस्त असून भागत नाही, अख्ख्या शिवाराने एकत्र पाने कापायला हवीत.

जळगावच्या केळी संशोधन केंद्राकडून तालुकावार नमुन्यांची संवेदनशीलता दरवर्षी तपासून जाहीर व्हावी, ही आमची आग्रहाची मागणी आहे. कृषी सेवा केंद्रचालकांनी या हंगामापासून पावतीवर औषधाच्या नावासोबत त्याचा गटही लिहून द्यावा, आणि बागायतदारांनी तो लिहिल्याशिवाय पावती घेऊ नये.