येणे बाकी

बँकेची नोकरी संपून आता काही वर्षे झाली, तरी काही शब्द अंगातून जात नाहीत. 'राइट-ऑफ' हा त्यातलाच एक. वर्तमानपत्रात मथळा येतो, अमुक इतक्या कोटींची कर्जे राइट-ऑफ केली, आणि सकाळच्या चहाबरोबर घरोघरी चर्चा सुरू होते, 'बघा, बड्यांना माफी!' मग माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. बुडीत कर्जाचा आकडा ताळेबंदातून काढून टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ. कर्जदाराचे देणे तसेच उभे असते. कोर्टातला दावा चालू राहतो, नोटिसा जात राहतात, जामीनदाराच्या दारातही माणूस जातो. ताळेबंद स्वच्छ दिसतो आणि आत एक वेगळी वही असते, तिच्यात सगळे मांडलेले असते. माफी ही निराळी गोष्ट. तिच्यात ती आतली वहीच फाडावी लागते.

आपण एकमेकांना जी क्षमा करतो ती बहुतेक वेळा राइट-ऑफच्या जातीची असते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. 'जाऊ दे, मी केव्हाच विसरलो' असे म्हणणाऱ्या माणसाला तारीख, वार आणि त्या दिवशी समोरच्याने कोणता सदरा घातला होता, हेही आठवत असते. मी स्वतः या माणसांत मोडतो. त्याबद्दल पुढे सांगेन. आधी एका सिस्टरची हकीकत सांगायला हवी, कारण माझी वही तिच्यामुळेच मला पुन्हा उघडावी लागली.

मध्य प्रदेशात देवास जिल्हा आहे. देवास म्हटले की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात. त्याच जिल्ह्यात, इंदूरपासून फार लांब नाही, उदयनगर नावाचे आदिवासी भागातले गाव आहे. सिस्टर राणी मारिया १९९२ साली तेथे आल्या. जन्म १९५४ चा, केरळातल्या पुल्लुवळी गावच्या शेतकरी घरातला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या धर्मभगिनी. उदयनगरला त्यांनी काय केले? आदिवासींना सरकारी योजनांची माहिती दिली, बँकेतून कर्ज कसे मिळते ते सांगितले, त्यांना एकत्र केले. ऐकायला किती साधे वाटते! परंतु पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या वहीत अडकलेला माणूस बँकेच्या काउंटरपाशी येऊन उभा राहिला, की गावात काय काय हलते हे मी पाहिले आहे.

ऐंशीच्या दशकात मी त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम तेव्हा जोरात होता. आदिवासी लाभार्थीला निम्मे अनुदान मिळे आणि निम्मे बँकेचे कर्ज. शेळ्या, बैलजोडी, विहिरीवरचे इंजिन. पावसाळ्याच्या तोंडावर धान्य उचलायचे आणि सुगीला दीडपट घालायचे, बायकोच्या पायातल्या चांदीच्या वाळ्या गहाण टाकायच्या आणि त्या कधीच सोडवायच्या नाहीत, या चक्रातून सुटायची ती एक फट होती. बाजाराच्या दिवशी एक सावकार मला मुद्दाम चहाला बोलवी आणि हसत म्हणे, 'साहेब, आमचं गिऱ्हाईक पळवता राव!' त्या हसण्याची मला भीती वाटत असे. पण माझ्या मागे बँक होती, सरकारी योजना होती, आणि तीन वर्षांनी होणारी बदली होती. त्या सिस्टरच्या मागे यातले काही नव्हते.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. पुढे केरळला, घरी जायचे होते. त्याच बसमध्ये समुंदर सिंह नावाचा विशीतला तरुण होता. वाटेत त्याने चाकू काढला. बसमध्ये आणि मग बाहेर ओढून त्याने त्यांच्यावर पन्नासच्या वर वार केले. बस प्रवाशांनी भरलेली होती, कोणी पुढे झाले नाही. सिस्टर ४१ वर्षांच्या होत्या. त्याला जन्मठेप झाली. आपल्याला या कामासाठी भरीस घालण्यात आले होते, असे त्याने पुढे उघडपणे सांगितले आहे. तुरुंगात मात्र पहिली काही वर्षे त्याच्या डोक्यात एकच होते: सुटायचे, आणि ज्यांनी आपल्याला या खड्ड्यात ढकलले त्यांचा सूड घ्यायचा. म्हणजे पाहा, खुनाच्या पोटी आणखी एक खून वाढत होता.

तो जन्माला आला नाही, याचे श्रेय दोघांचे. स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटू लागले. आणि २००२ साली रक्षाबंधनाच्या निमित्ताने राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी, त्याच संघातली, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून राज्यपालांकडे जो अर्ज गेला, त्यावर घरच्यांच्याही सह्या होत्या. २००६ साली तो सुटला. केरळात जाऊन त्या आईवडिलांना भेटला. उदयनगरला तिच्या समाधीपाशी तो जात राहिला, शेतात पिकलेले धान्य तिथे वाहत राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने राणी मारिया यांना 'धन्य' म्हणून घोषित केले, ही झाली जगजाहीर गोष्ट. मी मात्र त्या राखीपाशीच अडकतो. मनगट तेच ना? ज्या हाताने चाकू धरला होता, त्याचेच.

येशूने शत्रूवर प्रेम करायला सांगितले, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि 'फार थोर विचार' म्हणून बाजूला ठेवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, हे येते. त्याच्या आधी 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' या जुन्या नियमाचा उल्लेख आहे. हा नियम आपल्याला क्रूर वाटतो. मुळात तो लगाम होता. एक डोळा गेला तर एकच घ्या, समोरच्याचे घर जाळू नका. सूडाला मोजमाप लावणे हीदेखील त्या काळी मोठी मजल होती. येशू मोजमापच काढून टाकतो. शिवाय नुसता सूड घेऊ नका, इथे तो थांबत नाही. त्याचे भले चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे सांगतो. आपल्याकडेही अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची गोष्ट आईने सांगितलेली असतेच, आणि ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे मागितले. तेव्हा ही भाषा मराठी घराला अगदी परकी नाही. अवघड आहे, एवढेच.

बँकवाला म्हणून मला आणखी एका गोष्टीची गंमत वाटते. ख्रिस्ती लोकांची जी रोजची प्रार्थना आहे, तिच्यात मत्तयाने क्षमेसाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द ऋणाचा आहे. येशू बोलत होता त्या अरामी भाषेत ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता म्हणतात. त्याच शुभवर्तमानात एका चाकराचा दृष्टांत आहे. राजा त्याचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करतो आणि तो बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी दुसऱ्या चाकराची मानगूट धरतो. मी एकदा कागद घेऊन हिशेब केला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे आणि दुसरे शंभर दिवसांच्या. असले कर्ज जगातली कोणतीही शाखा मंजूर करणार नाही! सांगणाऱ्याने आकडा मुद्दाम अशक्य ठेवला आहे. आपल्याला मिळालेली सूट आठवतच नाही. आपले येणे मात्र पैशापैशाने पाठ असते.

इथे एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. क्षमेचा उपदेश करायला सर्वांत पुढे येतात ते ज्यांचे काही गेलेले नसते. गावात एखाद्या गरिबाच्या लेकीवर अन्याय होतो आणि संध्याकाळी चार शहाणे तिच्या बापाच्या ओट्यावर येऊन बसतात, 'झालं गेलं विसरून जा, कशाला वाढवतोस?' हे चौघे येशूचे नाव घेवोत की संतांचे, ते गुन्हेगाराचेच वकील असतात. क्षमा करायचा अधिकार ज्याला जखम झाली त्याचा, आणि न करण्याचाही त्याचाच. दुसरे असे की क्षमा केली म्हणजे कोर्टाला कुलूप लागले, असेही नाही. ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुले १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावी गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि मुलीसह बारीपदाला राहून कुष्ठरोग्यांचे काम पुढे काही वर्षे चालू ठेवले. पण शिक्षा हे कायद्याचे काम, ते आपल्या क्षमेने थांबू नये, हा फरकही त्यांनी स्पष्ट केला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली मुख्य आरोपीची जन्मठेप कायम झाली. मन मोकळे करणे आणि न्याय मागणे या दोन वह्या आहेत. एकीतली नोंद दुसरीत टाकू नये.

आता माझी वही. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच शाखेत माझे वरिष्ठ होते त्यांनी वर कळवले, की मी अनुदानाच्या कर्जांत लाभार्थींकडून पैसे घेतो. का कळवले, ते मला आजही नीट माहीत नाही. एका दलालाच्या प्रकरणांवर मी सही केली नव्हती, एवढे खरे. खातेनिहाय चौकशी चौदा महिने चालली. आरोप सिद्ध झाला नाही. बढतीची संधी दोनदा गेली, तीही पुढे भरून निघाली. जे भरून निघाले नाही ते वेगळेच आहे. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. चौकशी चालू असताना मी गावी गेलो, तेव्हा रात्री अंगणात खाट टाकून पडल्यावर त्यांनी हळूच विचारले, 'तू घेतले नाहीस ना रे?' मी नाही म्हणालो. ते 'बरं' म्हणाले आणि कूस बदलली. निकाल लागायच्या आधीच ते गेले. त्यांचा विश्वास बसला होता की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

त्या गृहस्थांवर मी सूड घेतला आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक शाखाधिकारी आहे, पान खाणारा, पोटात एक ओठात एक. त्याची फजिती मी चवीचवीने सतरा पाने लिहिली. हस्तलिखित वाचून बायको म्हणाली, 'अहो, हे तेच ना?' मी म्हटले, काल्पनिक आहे. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर माझ्या कादंबऱ्यांचे हस्तलिखित ती मागत नाही. परीक्षणांत त्या पात्राचे कौतुक झाले. मला वाटले होते, हिशेब चुकता झाला. कसला होतोय!

गेल्या नोव्हेंबरात आमच्या निवृत्तांच्या संघटनेत पेन्शनरांचे हयातीचे दाखले मोबाईलवरून काढून द्यायचे काम मी करत होतो. दरवर्षी करतो. अंगठा लावायचा, आधारशी जुळला की झाले. रांगेत ते होते. काठी, कानात यंत्र, सोबत कोणी नाही. त्यांनी मला ओळखले की नाही ते कळले नाही. अंगठा लावला, जुळेना. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मागची रांग चुळबुळू लागली. त्यांना चेहऱ्यावरून दाखला काढायच्या दुसऱ्या टेबलाकडे पाठवता आले असते. मी रुमाल ओला केला, त्यांचा अंगठा पुसला, आणि माझ्या हाताने यंत्रावर दाबून धरला. थंड होता. याच हाताने तो कागद लिहिला गेला होता, हा विचार आला नाही असे म्हणणार नाही. मनात प्रेम वगैरे काही उमटले नाही. एवढेच वाटले की हा अंगठा जुळावा.

चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, 'पुढच्या वर्षीही तुम्हीच असाल ना इथे?'

मी म्हणालो, 'असेन.'