रविवारी पहाटे उभ्या गाड्या बघायला लोक का जमतात? आणि हे मेळावे बंद का पडतात?

पार्किंगमधून बाहेर पडताना जोरात पळवलेली फोर्ड मस्टँग, घसरणारी मागची चाकं आणि पुढच्याच क्षणी दुभाजकावर नाहीतर थेट बघ्यांच्या दिशेने गेलेली गाडी. हा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. असे डझनावारी व्हिडिओ आहेत आणि मस्टँगवाल्यांवरचे मीम्स त्याहून जास्त. त्यातले बरेचसे 'कार्स अँड कॉफी' नावाच्या मेळाव्यांच्या गेटबाहेर चित्रित झालेत.

गंमत म्हणजे, गेटच्या आत जे चालतं ते कमालीचं शांत असतं.

'कार्स अँड कॉफी' ही काही कंपनी नाही की संस्था नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर, एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये, आपापली गाडी घेऊन यायचं, बॉनेट उघडायचं, कॉफी घ्यायची, गप्पा मारायच्या आणि नऊ-साडेनऊपर्यंत घरी परतायचं, एवढाच हा प्रकार. बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. कॅलिफोर्नियातच पेबल बीचला १९५० पासून जुन्या मोटारींची जगप्रसिद्ध स्पर्धा होते. तिथे गाडी आधी निवडली जावी लागते आणि प्रेक्षकांना महागडं तिकीट काढावं लागतं. पार्किंगमधल्या मेळाव्यात मात्र फेरारीच्या शेजारी रंग उडालेली बीटल उभी असते, आणि कधीकधी गर्दी बीटलभोवतीच जास्त असते. कारण तिच्या मालकाने इंजिन स्वतः खोललेलं असतं आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

सकाळच का?

कारणं अगदी व्यावहारिक आहेत. ऑफिसं आणि दुकानं बंद, त्यामुळे पार्किंग रिकामं. रस्तेही रिकामे. जुन्या गाडीला ही फार मोठी सोय, कारण ट्रॅफिकमध्ये अडकलं की तिचं इंजिन तापतं. दारूचा प्रश्न नाही. आणि घरचे उठून नाश्त्याला बसेपर्यंत माणूस परत आलेला असतो. 'अख्खा रविवार गाडीपायी घालवला' ही तक्रार निदान अर्धी तरी कमी होते.

या प्रकाराचं सर्वात गाजलेलं ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियातलं अर्व्हाइन. तिथे २००६ पासून दर शनिवारी सकाळी माझदा आणि फोर्डच्या कार्यालयांच्या पार्किंगमध्ये गाड्या जमत. नाव जगभर पोहोचलं, गर्दी वाढत गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मेळावा बंद झाला. जपानमध्ये योकोहामाजवळ एक्स्प्रेसवेच्या वळणावळणाच्या पुलांखाली दाइकोकू नावाचा पार्किंग थांबा आहे. मॉडिफाय केलेल्या गाड्यांची ती पंढरीच. तिथेही गर्दी आणि आवाज हाताबाहेर गेला की पोलिस येऊन जागा बंद करतात.

म्हणजे दुश्मनी कोणाची नसते, मेळावा स्वतःच्याच यशाखाली दबतो. जागा दुसऱ्याच्या मालकीची असते, बहुतेकदा फुकट दिलेली. पन्नास गाड्या आल्या तर मालकाला कौतुक वाटतं, पाचशे आल्या तर शेजाऱ्यांचे फोन येतात. त्यात अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न आलाच. आणि अपघात आत होत नाही. आत सगळे चालत असतात. तो होतो बाहेर पडताना, कारण तिथे मोबाइल रोखून उभी असलेली पोरं 'आवाज काढ' म्हणून हात हलवत असतात. गाडीवाला दोषी आहेच. पण त्या पंधरा सेकंदांच्या रीलला हजारो लाइक मिळतात आणि आतल्या दोन तासांच्या गप्पांना शून्य, हेही त्या हिशोबात धरावं लागेल.

ब्रिटनने यावर एक उपाय शोधला आहे. बिसेस्टरच्या जुन्या हवाई तळावर किंवा गुडवूडच्या शर्यतीच्या ट्रॅकवर असे मेळावे भरतात, पण आधी नोंदणी करावी लागते. 'मनात आलं आणि गेलो' ही मजा त्यात थोडी हरवते. पण मेळावा टिकतो.

आपल्याकडे काय?

रविवारी पहाटे मुंबई-पुण्याहून लोणावळ्याच्या दिशेने निघालेले गाड्यांचे ताफे नवे नाहीत. कायदा मात्र स्पष्ट आहे. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे दाइकोकूला मिरवणाऱ्या कित्येक गाड्या इथे आरटीओच्या दारातच अडतील.

खरी अडचण जुन्या गाड्या प्रेमाने सांभाळणाऱ्यांची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरायला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच.

मग कुर्ल्यात बनलेली, १९८५ सालची, वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी कुठे बसते? व्हिंटेज व्हायला तिला २०३५ उलटावं लागेल. तोवर ती सरकारी कागदावर फक्त 'जुनं वाहन' आहे. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झालं. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी तर मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्येच गेली. आता ही गाडी चालू अवस्थेत बघायची असेल, बॉनेटखाली डोकावून मालकाला चार प्रश्न विचारायचे असतील, तर त्यासाठी उरलेली जागा म्हणजे रविवारी सकाळचं एखादं रिकामं पार्किंग.