दारावरची चिठ्ठी

मोठ्या प्रवासी जहाजांवर सकाळचा नाश्ता खोलीत मागविता येतो. रात्री छापील चिठ्ठीवर चहा, पाव, फळे यांपुढे खुणा करायच्या, वेळ नोंदवायची आणि चिठ्ठी दाराच्या मुठीला अडकवून झोपायचे. सोय चांगलीच आहे. आमचा तिला विरोध नाही. पण साडेसहाची वेळ देऊन घोरत पडणारे, चौघांचे मागवून एकाचे खाणारे, उष्टा ट्रे अरुंद बोळात सरकवून मोकळे होणारेही तिथे असतात. त्याच बोळातून कुणाची चाकाची खुर्ची जायची असते. पहाटे दारे आपटणारे तर वेगळेच!

हे ट्रे वाहणाऱ्यांत मुंबई-गोव्याची आपली मुलेही असतात. महिनोन्‌महिने त्यांना घर दिसत नाही. २००६ च्या सागरी कामगार करारातील नियमानुसार त्यांना चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती हवी, तीही दोनच तुकड्यांत, त्यातला एक सलग ६ तासांचा. भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला. म्हणजे पहाटे ट्रे लावणाऱ्याची झोप मोजूनमापूनच. तो बंद दारापुढे गार होणारा चहा घेऊन उभा राहतो, पुन्हा टकटक करतो, तोवर पुढच्या खोलीची वेळ टळते. आणि तिथला प्रवासी त्याच्यावरच खेकसतो.