आधीं आपली उंची मोजावी

(एक माजी विद्यार्थी)

प्रवासाचा बेत करावयाचा म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें स्थळांची एक लांबलचक यादी उभी राहते. अमुक धबधबा, तमुक शिखर, वाटेवरचें एखादें नांवाजलेलें भोजनगृह. आणि ज्याची यादी अधिक लांब त्याचा बेत अधिक उत्तम, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. माझें मत याच्या अगदीं उलट आहे. बेत करणें म्हणजे मुख्यतः सोडून देणें होय, आणि काय सोडावें हें कळण्यासाठीं प्रथम आपलें स्वतःचें मोजमाप घ्यावें लागतें. हें मत मला पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. तें एका बारा वर्षांच्या मुलीनें मला शिकविलें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

माझी बहीण व तिचे यजमान अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांत राहतात. २०२३ च्या जून महिन्यांत मी त्यांच्याकडे गेलों होतों. त्याच वेळीं बहिणीच्या सासूबाईही सोलापूर जिल्ह्यांतून तेथें आल्या होत्या. त्यांचें वय शहात्तर, गुडघे दुखरे, आणि "ही माझी इकडची शेवटचीच खेप," असें त्या दर दोन दिवसांनीं बजावीत. म्हणून मेहुण्यांनीं ठरविलें कीं, एक मोटारहोम भाड्यानें घ्यावें आणि सर्वांनीं मिळून पांच दिवस डोंगरांतून हिंडावें. मोटारहोम म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. त्यांत निजण्याचे ओटे असतात, गॅसची शेगडी असते, लहानशी मोरी व शौचकूप असतो, पोटाखालीं स्वच्छ पाण्याची एक व सांडपाण्याच्या निराळ्या टाक्या असतात. म्हाताऱ्या माणसाला पाहिजे तेव्हां आडवें होतां येतें, ही त्यांतील मोठीच सोय.

जावयाचें तें ब्लू रिज नांवाच्या पर्वताच्या माथ्यावरून. अमेरिकेच्या पूर्वभागांतील अॅपलेशियन पर्वतांची ही एक दाट झाडीची रांग आहे. झाडांच्या पानांतून निघणाऱ्या वायूमुळें तिच्यावर निळसर धुरकट छटा पसरलेली दिसते, व तिचें नांवही निळेपणावरूनच पडलें आहे. या रांगेच्या कण्यावरून दोन रस्ते एकापुढें एक जोडलेले आहेत. शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानांतून जाणारा 'स्कायलाइन ड्राइव्ह' १०५ मैलांचा. तो जेथें संपतो त्या रॉकफिश खिंडींतच 'ब्लू रिज पार्कवे' सुरू होतो व ४६९ मैल दक्षिणेस ग्रेट स्मोकी पर्वतापर्यंत जातो. या दुसऱ्या रस्त्याचें काम १९३५ सालीं सुरू झालें आणि शेवटचा तुकडा १९८७ सालीं पुरा झाला. बावन्न वर्षें! त्या शेवटच्या तुकड्यांत डोंगराची कड फोडण्याऐवजीं तिच्या अंगावरून १५३ खंडांचा पूल नेला आहे. दोन्ही रस्ते मुद्दाम सावकाश जाण्यासाठींच बांधलेले आहेत. पहिल्यावर ताशीं ३५ मैलांहून व दुसऱ्यावर ४५ मैलांहून अधिक वेगानें जाण्यास मनाई आहे. पार्कवेवर मालमोटारींना मज्जाव आहे, आणि तेथें पेट्रोलचा एकही पंप नाहीं.

मेहुण्यांनीं आखलेला पहिला बेत असा होता: चार दिवसांत दोन्ही रस्ते पुरे करावयाचे, चौदा स्थळें पाहावयाचीं, आणि पांचव्या दिवशीं मोठ्या हमरस्त्यानें घरीं परतावयाचें. बेत सुबक अक्षरांत लिहून भिंतीवर लावलाही होता. माझी भाची त्याच्यापुढें वही घेऊन उभी राहिली. दोहोंची बेरीज ५७४ मैल. वळणें, चढ, धुकें व मध्येंच आडवीं येणारीं हरणें लक्षांत घेतां सरासरी ताशीं ३० मैल धरले, तर एकोणीस तासांहून अधिक. म्हणजे चार दिवस रोज सुमारें पांच तास. "बाबा," ती म्हणाली, "आजी रोज पांच तास पट्ट्यानें बांधलेली बसणार. मग तिला आडवें होण्यासाठीं हें घर घेतलें आहे, त्याचा काय उपयोग?" गाडी चालू असतां ओट्यावर निजणें धोक्याचें, ही गोष्ट आम्हां मोठ्यांपैकीं एकाच्याही ध्यानांत आली नव्हती. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टान्त आपण या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत कितीदां तरी ऐकला असेल. तो ऐकतांना आपण पैशाचा खर्च मनांत आणतों. आजींच्या गुडघ्यांचा खर्च आणीत नाहीं.

आतां त्या उंचीची गोष्ट सांगतों. स्कायलाइन ड्राइव्हवर बत्तिसाव्या मैलाजवळ मेरीज रॉक नांवाचा बोगदा आहे. तो १९३२ सालीं अखंड खडकांतून खोदला असून सहाशें फुटांहून लांब आहे. त्याची उंची १२ फूट ८ इंच. गाडी भाड्यानें देणाऱ्यांच्या कागदावर आमच्या गाडीची उंची साडेअकरा फूट लिहिलेली होती. कोणालाही वाटावें कीं येथें विचार करण्याजोगें कांहीं नाहीं. पण भाचीनें विचारलें, "मामा, छपरावरची ती थंड हवेची पेटी यांत धरली आहे का?" मीं विचारलें, तर उत्तर कोणालाच देतां येईना. तेव्हां आम्ही शिडी आणली, पेटीच्या माथ्यावर एक काठी आडवी समपातळींत धरली, आणि तिच्या टोंकापासून जमिनीपर्यंत फीत सोडली. उंची भरली १२ फूट ३ इंच! कागदाहून नऊ इंच अधिक, व बोगद्याहून अवघी पांच इंच कमी.

यावर आमच्या घरांत जो वाद झाला तो येथें सविस्तर देण्याजोगा नाहीं. मेहुण्यांचें म्हणणें, पांच इंच पुष्कळ झाले. बहिणीचें म्हणणें, खड्ड्यांतून चाक उसळलें तर किती इंच उरतील तें सांगा. पार्कवेवर पुढें आणखी २६ बोगदे आहेत, त्यांतला एक व्हर्जिनियांत व बाकीचे नॉर्थ कॅरोलिनांत. त्यांची गोष्ट निराळी असली तरी तिच्यांत एक मख्खी आहे. ते कमानीसारखे असल्यामुळें मध्यभागीं उंच व कडेला ठेंगणे असतात, आणि आपली गाडी तर कडेच्याच बाजूनें जाते. म्हणजे बोगद्याची उंची कोठें मोजली हेंही विचारलें पाहिजे. अखेर मेरीज रॉकचा बोगदा आम्हीं सोडला. तो सोडला म्हणजे त्याच्या उत्तरेचे बत्तीस मैल सुटले. आणि एकदां बत्तीस मैल सुटल्यावर मेहुण्यांच्या हाताला सोडण्याची संवय लागली, असें मला वाटतें. त्यांनीं पेन्सिल मुलीच्या हातीं दिली. स्विफ्ट रन खिंडींतून वर चढावयाचें, एक्कावन्नाव्या मैलावरील बिग मेडोज येथें दोन रात्री, तेथून दक्षिणेस उतरून पार्कवेच्या शहाऐशींव्या मैलावर पीक्स ऑफ ऑटर येथें दोन रात्री, मग घर. अरण्यांतल्या रस्त्याचे १४० मैल राहिले व ४३४ गळाले.

उरलेला बेत आपोआप घडत गेला, कारण अशा घराच्या मर्यादा फार स्पष्ट असतात. शेनन्डोआच्या तळांवर गाडीला जोडावयास वीज किंवा नळ मिळत नाहीं. टाकींत जितकें पाणी भरावें तितकेंच आपलें, आणि दीडशें लिटर पाणी भरलें कीं दीडशें किलो वजन घाट चढावें लागतें. म्हणून स्नानें तांब्याभर पाण्यांत करावयाचीं असें ठरलें. आजींना यांत नवीन कांहींच नव्हतें. दुष्काळी मुलुखांतल्या बाईला पाणी पुरविण्याची विद्या अमेरिकेंत शिकावी लागत नाहीं. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो, म्हणून खालचा गिअर टाकून इंजिनाच्याच आवळणीनें उतरावयाचें. काळीं अस्वलें फिरतात, म्हणून अन्नाचा कणही बाहेर न ठेवतां गाडींत बंद करावयाचा. फोडणीचा वास बंद कसा करावा, हा प्रश्न मात्र सुटला नाहीं.

जळण घरून नेऊं नये, हा नियम मला प्रथम अरसिकपणाचा वाटला. चार ढलप्या नेल्या तर अरण्याचें काय बिघडलें? पण कारण कळल्यावर मी गप्प झालों. लांकडाच्या सालींत किडे व त्यांचीं अंडीं असतात. आशियांतून आलेला हिरवा भुंगा २००२ सालीं मिशिगनांत प्रथम आढळला, व त्यानें अॅश जातीचीं असंख्य झाडें मारलीं. अशा किड्याला दूर नेण्याचें एक वाहन म्हणजे सहलीकरांचें जळण. त्याही पूर्वीं, १९०४ सालीं न्यूयॉर्कांत दिसलेल्या एका परकी बुरशीनें पुढील चाळीस वर्षांत अमेरिकन चेस्टनटचे मोठे वृक्ष या डोंगरांतून जवळजवळ नाहींसे केले. पाहुण्यानें यजमानाच्या घरीं काय नेऊं नये, हाही बेताचाच भाग आहे.

येथें कोणी सुज्ञ पालक म्हणतील, "इतक्या दूर जावयाचें, इतका पैसा खर्चावयाचा, आणि अर्ध्याहून अधिक न पाहतां परतावयाचें? पुन्हां केव्हां जाणें होणार?" हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. आजींच्या बाबतींत तर 'पुन्हां' हा शब्दच नव्हता. परंतु ज्याला पुन्हां यावयाचें नाहीं त्याला चौदा खिडक्यांतून चौदा देखावे दाखवावे कीं एका ठिकाणीं पुरता वेळ द्यावा, हाच तर प्रश्न आहे.

बिग मेडोज येथें दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजी भाचीचा हात धरून तळाच्या कडेनें थोड्या फिरल्या. झाडींत एके ठिकाणीं रचीव दगडांची पडकी रांग व जवळच एक जुनें सफरचंदाचें झाड त्यांना दिसलें. "हें रानांत उगवलेलें नाहीं," त्या म्हणाल्या, "कोणीतरी लावलेलें आहे. इथें घर होतें." भाचीनें आधींच वाचून ठेवलें होतें. हें उद्यान करतांना १९३० नंतरच्या दशकांत सुमारें पांचशें कुटुंबांना डोंगरांतलीं घरें सोडावीं लागलीं. आज जें अरण्य आपण पाहतों त्यांतलें पुष्कळसें त्यांच्या शेतांवर व कुरणांवर उगवलेलें आहे. आजींचें माहेरचें गांव उजनीच्या धरणांत गेलें. त्या पुष्कळ वेळ त्या झाडाखालीं उभ्या राहिल्या. नंतर माहेरच्या अंगणांतल्या चिंचेविषयीं, गांव सोडण्याच्या आदल्या दिवशीं पाडलेल्या चौकटीविषयीं त्या बोलूं लागल्या. मेहुण्यांनीं चाळीस वर्षांत हें कधीं ऐकलें नव्हतें. पहिला बेत ठरला असता तर त्या वेळीं आमची गाडी पार्कवेच्या शंभराव्या मैलापलीकडे असती.

पीक्स ऑफ ऑटर येथें एक तळें आहे व त्याच्यापलीकडे शार्प टॉप नांवाचें टोंकदार शिखर. तळ्याभोंवतीं सपाट पायवाट आहे, मैलभराची. पहिल्या संध्याकाळीं आजींनीं ती अर्धी करून सोडली. दुसऱ्या दिवशीं तीन ठिकाणीं बसून त्यांनीं ती पुरी केली. शिखरावर आम्ही कोणीच गेलों नाहीं.

हें सर्व परदेशचें झालें. पण महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा फिरत्या घरांविषयीं पर्यटनाचें धोरण ठरविलें आहे, आणि सह्याद्रीच्या घाटांतून अशीं बिऱ्हाडें हिंडूं लागल्यास नवल नाहीं. आपले घाट तर त्या रस्त्यांहून अरुंद, पावसांत दरडींचे. शिवाय मोटारहोम नसलें म्हणून काय झालें? आपल्या शाळेच्या सहलींत एका दिवसांत दोन किल्ले, तीन देवालयें व एक धरण मीं स्वतः पाहिलें आहे. आज त्यांतलें मला बसमधील उलट्यांखेरीज कांहीं आठवत नाहीं. पालकांना माझी विनंति एवढीच कीं, पुढील सहलीच्या बेताचा कागद तयार करून मुलांच्या हातीं देऊं नका. फीत, नकाशा व वही त्यांच्या हातीं द्या, आणि नुसतें बेरीज करण्याचें काम नव्हे, खोडण्याचा अधिकारही द्या. घरांतील सर्वांत सावकाश चालणारें माणूस कोण, हें मुलांना आपल्यापेक्षां लवकर कळतें; कारण त्याच्याबरोबर मागें तींच राहिलेलीं असतात.

पुढच्याच वर्षीं, २०२४ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस, हेलेन नांवाच्या वादळानें त्या डोंगरांत भयंकर पूर आणला. दरडी कोसळल्या, सहस्रावधि झाडें रस्त्यावर पडलीं, आणि पार्कवेचे, विशेषतः नॉर्थ कॅरोलिनांतील, कित्येक भाग महिनोगणती बंद राहिले. ती बातमी आली तेव्हां मीं भाचीची वही काढली. परततांना तिनें ती मला दिली होती. पहिल्या पानावर गाडीची उंची आहे, दोनदां मोजलेली. पुढें दोन पानें 'सोडलेलीं ठिकाणें' अशा मथळ्याखालीं भरलेलीं आहेत. आजींनीं ती यादी तळ्याकांठीं बसून वाचून घेतली होती. तिच्यांत 'डेव्हिल्स कोर्टहाऊस' असें एका खडकाळ शिखराचें नांव आहे. त्याचा अर्थ सैतानाची कचेरी, असें कळल्यावर त्या म्हणाल्या, "तें सोडलेंत तें फार बरें केलेंत. तिथें तारखा किती पडत असतील!"