लझानिया आधी लाटायचा असतो

घरोघरी ओव्हन आल्यापासून लझानिया वाढदिवसाच्या बेतात रुळला आहे, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण या आठवड्यातही नजरेखालून गेलेल्या पाककृतींची तऱ्हा तीच होती. वर ठळक अक्षरांत ‘अस्सल इटालियन’, खाली टोमॅटो केचप, मक्याचे दाणे, सिमला मिरची आणि ओंजळीने मोझरेला. आपल्या घरात जे रुचतं ते करावं, त्याला कुणी हरकत घेऊ नये. मला खटकतं ते एवढंच की भरणाला पंधरा ओळी मिळतात, चीजला पाच, आणि ज्याच्यावर हा पदार्थ उभा आहे त्या पिठाच्या पदराची बोळवण ‘तयार शीट्सचं पाकीट आणा’ एवढ्या वाक्यात होते. लझानिया हा मुळात लाटण्याचा पदार्थ आहे. त्याचं भरण प्रांताप्रांतात बदलत आलं आहे आणि आपणही ते खुशाल बदलावं, पण पदर हाताबाहेर सोडला की उरतं ते ओव्हनमधलं चीज.

बोलोन्या शहराचा लझानिया आज जगभर नमुना मानला जातो. त्यात चारच गोष्टी असतात: अंडी आणि पालक घालून लाटलेले हिरवे पदर, मांसाचा रागू, बेशामेल म्हणजे लोणी-मैद्यावर घट्ट केलेलं दूध, आणि किसलेलं पार्मिजानो रेज्जानो. मोझरेला नाही, रिकोटाही नाही. इटलीच्या पाककला अकादमीने रागूची कृती 1982 साली बोलोन्याच्या व्यापार मंडळाकडे रीतसर नोंदवली आणि 2023 साली सुधारून पुन्हा नोंदवली. 1982च्या कृतीत 300 ग्रॅम गोमांसाला आणि 150 ग्रॅम पान्चेत्ताला, म्हणजे मुरवलेल्या डुकराच्या मांसाला, टोमॅटोचा सॉस फक्त पाच चमचे होता. बाकी कांदा, गाजर, सेलरी, थोडी वाइन, दूध आणि दोन-तीन तासांची मंद आच. लालभडक रसात तरंगणारा लझानिया बोलोन्यातला माणूस ओळखणारही नाही.

कुणी म्हणेल, मग अस्सलपणा रागूत आणि बेशामेलमध्येच आहे की! इथे थोडं मागे जायला हवं. ‘लिबेर दे कोक्विना’ हा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा लॅटिन पाकग्रंथ नेपल्सच्या आंजू राजघराण्याच्या दरबाराशी जोडला जातो. त्यात लझानिया आहे: पीठ पातळ लाटायचं, चौकोन कापायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे आणि किसलेलं चीज व मसाल्याची पूड मध्ये घालत थर लावायचे. टोमॅटो तेव्हा युरोपात नव्हताच, तो अमेरिकेतून सोळाव्या शतकात आला. मांसाचा रागूही तिथे नाही. म्हणजे पुढच्या सहाशे-सातशे वर्षांत रस आला, मांस आलं, बेशामेल आलं, पण पातळ लाटलेला, उकळून घेतलेला, थर लावलेला पदर जागचा हलला नाही. मार्के प्रांतातला विन्चिस्ग्रास्सी घ्या किंवा जेनोआतले पेस्तो लावलेले पदर घ्या. या पदरांना तिथल्या बोलीत रेशमी रुमाल म्हणतात, त्यावर तुळशीच्या जातीतल्या बेसिलची चटणी असते आणि मांसाचा कणही नसतो. या सगळ्या भावंडांत समान काय, हे शोधायला गेलं तर हाताला पदरच लागतो.

तो करायचा कसा हे नीट सांगायला हवं, कारण सगळी भीती तिथेच आहे. प्रमाण सोपं आहे, 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. चौघांच्या भांड्याला 400 ग्रॅम मैदा आणि चार अंडी पुरतात. पालक घालायचा असेल तर तो वाफवून, पिळून, अगदी कोरडा करून बारीक वाटावा आणि एखादं अंडं कमी करावं. दहा मिनिटं मळताना पीठ आधी चरबरीत लागतं, मग तळव्याखाली गुळगुळीत होत जातं. ते झाकून अर्धा तास ठेवायचं. पुरणपोळीची कणीक मुरू देणाऱ्या घरात या विश्रांतीचं कारण सांगायची गरज नाही: मळताना ताणला गेलेला चिकटपणा सैलावतो आणि लाटलेली पोळी आकसत नाही. बोलोन्यात लाटण्याचं काम करणाऱ्या बायकांना स्फोलीना म्हणतात. त्यांचं लाटणं जवळजवळ मीटरभर लांब असतं आणि त्या एकच भली मोठी पोळी लाकडी फळीवर लाटतात. लाकडाच्या किंचित खरखरीतपणामुळे पोळीला जो पोत येतो, त्याच्यावर रागू धरून राहतो. आपलं पोळपाट लहान आहे, म्हणून गोळेही लहान करावेत. पोळी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ हवी, खाली ठेवलेल्या कपड्याची नक्षी तिच्यातून दिसली की थांबावं. मग चौकोन कापून मिठाच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, आणि स्वच्छ पंचावर कोरडे करायला. इतक्या पातळ पदराचे पाच-सहा थर लावले तरी वडी जड होत नाही. दोन पदरांमध्ये रागू आणि बेशामेल लेपापुरतंच घालायचं, पदर बुडवायचा नाही.

पाकिटातल्या शीट्सबद्दल माझी तक्रार आहे ती इथेच. न उकळता वापरायच्या शीट्स सॉसमधलं पाणी शोषून शिजतात, म्हणून सॉस पातळ आणि भरपूर ठेवावा लागतो. तरीही त्या जाड राहतात, म्हणून थर तीनच बसतात, आणि मग ती जाडी झाकायला चीज वाढवत न्यावं लागतं. चीजचा डोंगर हा बऱ्याचदा पदराच्या उणिवेवरचा उपाय असतो. शिवाय ताज्या मोझरेलात पाणी पुष्कळ असतं, ते भाजताना सुटतं आणि तळाशी साचतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप नेपल्सचा आहे. तिथला कार्निव्हलचा लझानिया कोरड्या, झालरीच्या शीट्सचाच असतो आणि त्यात रिकोटा, प्रोव्होला किंवा मोझरेलाच्या जातीचं चीज, बोराएवढे मांसाचे गोळे असं सगळं भरलेलं असतं. पुढे लेंटचा उपवास सुरू होणार, त्याआधीची ही मेजवानी. नेपल्सच्या गादीवरचा शेवटचा बूर्बाँ राजा फ्रान्चेस्को दुसरा याला या पदार्थाच्या प्रेमापायी ‘लासा’ हे टोपणनाव पडलं होतं. हा लझानिया परंपरेतलाच आहे, यात वाद नाही. पण त्या शीट्स ड्युरम गव्हाच्या रव्याच्या असतात आणि आधी पाण्यात नीट उकळून घेतात. तिथेही पदराची निवड आणि त्याची शीज हे ठरवून केलेलं काम आहे.

अंडं न खाणाऱ्यांनाही वाट याच दक्षिणेतून सापडते, कारण दक्षिण इटलीत रवा आणि पाणी एवढ्यावरच पास्ता करण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडचा बन्सी हा ड्युरम गहूच, त्याचा बारीक रवा कोमट पाण्यात घट्ट मळून तासभर ठेवला की लाटता येतो. मांसाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. महाराष्ट्रात 2015च्या कायद्यापासून बैलाचं मांसही वर्ज्य आहे, तेव्हा रागू मटणाच्या खिम्याचा करावा, फक्त आच तितकीच मंद आणि वेळ तितकाच द्यावा. शाकाहारी घराला जेनोआचं उदाहरण पुरेसं आहे. मात्र एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. पार्मिजानो रेज्जानो नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजलं जातं, त्यामुळे काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी सूक्ष्मजीवजन्य रेनेट असं लेबलवर लिहिलेलं दुसरं कडक, मुरलेलं चीज घ्यावं.

वेळेचा आक्षेप मात्र मी पूर्ण खोडत नाही. नोकरी करून आलेल्या माणसाने बुधवारी रात्री हे करावं असं म्हणणं अन्यायाचं आहे. पण रागू आदल्या दिवशी करून ठेवला तर उलट मुरतो, आणि लाटायला दोघं असतील तर तासाभराचं काम आहे. तेव्हा रविवारी एकदा पाकीट न आणता करून पाहा. चीजचा खर्च निम्मा करा, 180 अंशांवर अर्धा तास भाजा, आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावू नका. तेवढ्या वेळात बेशामेल आळतं आणि वडी सरळ कापली जाते.